काठीपासून माडीपर्यंत : कुडाळचा बांबू आणि मजली इमारतींची बाजारपेठ

पावसाळा सरून रानवाटा कोरड्या झाल्या की सिंधुदुर्ग जिल्ह्यात बांबूच्या तोडणीला आरंभ होतो. कुडाळ, सावंतवाडी, कणकवली या भागांतून बांबूने भरलेले ट्रक घाट चढून कोल्हापूर-सांगलीकडे जातात. तेथे ही काठी टोमॅटोच्या रोपाला किंवा फळबागेतील झाडाला टेकू म्हणून उभी राहते. काही हंगाम उन्हापावसात काढले की ती कुजते आणि तिचे आयुष्य संपते. बेट राखणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरी पडते ती केवळ टेकूची किंमत.

हीच काठी योग्य वयाची पाहून तोडली, तिच्यावर प्रक्रिया केली आणि अभियंत्याने आखून दिलेल्या सांध्यात ती बसवली, तर ती घराचा खांब होते, छपराची कैची होते, वरच्या मजल्याचा भार पेलते. टेकू आणि खांब यांच्या किमतीत जो फरक आहे, त्यात कोकणातील अनेक कुटुंबांचा रोजगार दडलेला आहे. तो प्रत्यक्षात आणावयाचा तर लाकडाच्या आणि बांबूच्या इमारती विश्वासाने बांधून घेणारा ग्राहक हवा. असा ग्राहक कसा निर्माण होतो आणि त्या कामी गावोगावच्या लहान उद्योगांचा वाटा कोणता, याचे उत्तर कुडाळ येथे वीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या कामातून व परदेशांतील लाकडी इमारतींच्या अनुभवातून मिळू शकते.

माडीची परंपरा

लाकडी मजला महाराष्ट्राला नवा नाही. पेशवेकालीन वाड्यांची बांधणी आठवावी. खाली दगडी जोते व भक्कम दगडी भिंती, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, तुळयांवर पाट आणि वरच्या मजल्यांना विटांचे काम. पुण्यातील विश्रामबागवाडा या पद्धतीची साक्ष आजही देतो. कोकणातही चिऱ्याच्या भिंतींवर लाकडी माळा आणि माडी असलेली घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदती राहिली. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचा कुसू बसवून सांधा आवळणारा सुतार हाच त्या काळचा बांधकाम अभियंता होता.

या परंपरेला ओहोटी लागण्याची कारणे अनेक आहेत. जुने भक्कम लाकूड दुर्मिळ झाले. सिमेंट व लोखंड सर्वत्र मिळू लागले. वाळवी आणि आग यांची भीती तर पूर्वीपासूनच होती. शनिवारवाड्यातील बहुमजली लाकडी बांधकाम १८२८ च्या आगीत नष्ट झाले, ही आठवण लोकमानसात टिकून आहे. पुढे वनसंरक्षणाची निकड निर्माण झाली, तेव्हा १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकडाचा वापर बंद केला. वनांतील तोड आणि लाकूड गिरण्या यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने कडक नियंत्रण आले. लागवडीखालील लाकूड वापरणे पर्यावरणास उपकारक आहे, हा विचार पुढे मान्य होऊन केंद्रीय विभागाने २०२० मध्ये ती बंदी उठवली.

बंदी उठली, तरी मधल्या काळात मनात एक समीकरण घट्ट बसले. सिमेंटचे घर ते ‘पक्के’ आणि लाकडा-बांबूचे घर ते ‘कच्चे’. शासकीय अर्जातील रकान्यापासून लग्न ठरविणाऱ्या घरापर्यंत हेच दोन शब्द वापरले जातात. बांबूच्या इमारतींची बाजारपेठ वाढविण्याचा प्रश्न मुळात या शब्दाचा प्रश्न आहे. ‘कच्चे’ समजले जाणारे बांधकाम ‘पक्के’ केव्हा आणि कशाच्या बळावर ठरते?

आल्प्सच्या पायथ्याशी

या प्रश्नाचे एक उत्तर ऑस्ट्रियाने दिले. तेथील डोंगराळ प्रदेशात लाकूड कापणाऱ्या लहान-मध्यम गिरण्या पुष्कळ. ओंडक्याच्या गाभ्यातून चांगला माल निघे, परंतु कडेच्या फळ्यांना भाव नसे. १९९० नंतरच्या दशकात या फळ्यांचे थर एकमेकांना आडवे-उभे रचून, चिकटवून त्यांचे मोठे, जाड फलक तयार करण्याचे तंत्र विकसित झाले. एका थराचे तंतू उभे, तर दुसऱ्याचे आडवे. त्यामुळे फलक दोन्ही दिशांनी ताठ राहतो, फारसा फुगत वा आकसत नाही आणि भिंत किंवा मजल्याची जमीन म्हणून थेट उभारता येतो. ग्राझ तांत्रिक विद्यापीठातील प्राध्यापक गेरहार्ड शिकहोफर यांनी या फलकांच्या बळाचा शास्त्रीय अभ्यास केला. या कार्याबद्दल त्यांना २०१९ चा मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला.

टाकाऊ समजल्या जाणाऱ्या फळीला अशा रीतीने मोल आले, पण बाजारपेठ एका दिवसात उभी राहिली नाही. आरंभी या फलकांची लहान घरे व शाळा झाल्या. त्या टिकल्या, त्यांची मोजमापे प्रसिद्ध झाली, नियम बनले आणि मग उंची वाढली. २००९ मध्ये लंडनमध्ये ९ मजल्यांची निवासी इमारत पुरी झाली. तिचा तळमजला काँक्रीटचा आणि वरचे ८ मजले लाकडी फलकांचे आहेत. ऑस्ट्रियातील डॉर्नबिर्न येथे २०१२ मध्ये ८ मजली इमारत उभी राहिली. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १८ मजल्यांचे विद्यार्थी वसतिगृह २०१७ मध्ये सुरू झाले. त्याच्या लाकडी भागाची जुळणी ७० दिवसांच्या आत पुरी झाली होती. नॉर्वेतील ब्रुमुंडाल येथील १८ मजली इमारत २०१९ मध्ये ८५.४ मीटर उंचीला पोहोचली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात २५ मजली इमारत पूर्ण झाली.

या उदाहरणांतून दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. लंडन आणि व्हँकुव्हर या दोन्ही इमारतींत खालचा मजला काँक्रीटचा व वरचे लाकडी आहेत. आपल्या वाड्यांचे दगडी तळ आणि लाकडी माड्या यांच्याशी ही रचना जुळते. दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक नव्या उंचीच्या आधी चाचणी झाली, आकडे जुळले आणि नियमपुस्तकात बदल झाला. ग्राहकाचा विश्वास त्या मागून आला.

माणगा : गुण आणि मर्यादा

सिंधुदुर्गात सागाचे वा पाइनचे विस्तीर्ण मळे नाहीत. येथे आहे तो बांबू, आणि त्यातही घराच्या परसात, शेताच्या बांधावर, कुंपणालगत लावला जाणारा माणगा. या जातीला काटे नाहीत. तिची काठी सरळ आणि बहुतांशी भरीव असते. तिचे बी सहसा धरत नसल्यामुळे कंदापासून किंवा कलमांनी रोपे करावी लागतात. कोंब फुटल्यापासून अवघ्या दोन-तीन महिन्यांत काठी आपली पूर्ण उंची गाठते, पण तिचे तंतू कणखर व्हायला तीन ते चार वर्षे लागतात. सागाच्या झाडासाठी दोन पिढ्या थांबावे लागते, तर बांबूच्या बेटातून दरवर्षी पक्व काठ्या काढून घेता येतात आणि बेट जागच्या जागी कायम राहते.

बांबूचे दोष लपविण्यात अर्थ नाही. त्यात स्टार्च असतो आणि स्टार्चमुळे भुंगेरे लागतात. काठीखाली दिसणारी पिवळसर भुकटी हे त्याचे लक्षण. जमिनीला टेकलेला, प्रक्रिया न केलेला बांबू उघड्यावर एक ते तीन वर्षांत निकामी होतो. तो लांबीच्या दिशेने सहज चिरतो, म्हणून त्यात नुसता खिळा ठोकून सांधा होत नाही. आगीच्या बाबतीत तर बांबू आणि जाड लाकूड यांत मोठा फरक आहे. जाड लाकडी तुळई जळताना तिच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर साचतो आणि आतील लाकूड काही काळ सुरक्षित राहते. सामान्यतः ताशी सुमारे ४० मिलिमीटर या गतीने जळण आत सरकते, असे गृहीत धरून अभियंते तुळईची जाडी ठरवितात. बांबूच्या पातळ काठीला हा बचाव नाही. म्हणूनच परदेशातील १८ मजल्यांचा हिशेब जसाच्या तसा बांबूला लावता येत नाही.

या दोषांवर उपाय आहेत. आपल्याकडे तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे स्टार्च काही प्रमाणात निघून जातो. आधुनिक पद्धतीत बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण काठीत मुरवतात. बंद टाकीत आधी हवा काढून नंतर दाबाने द्रावण भरले, तर ते आतवर पोहोचते. मात्र हे क्षार पावसाच्या पाण्याने पुन्हा धुऊन जाऊ शकतात. म्हणून पायाशी दगडी जोते आणि वर रुंद वळचण ही कोकणी घराची जुनी शिकवण येथेही सोडता येत नाही. ज्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे बांबूच्या घराचे आयुष्य पुष्कळ अंशी त्याच्या छपरावर अवलंबून असते.

कुडाळचा प्रयत्न

कुडाळ येथे २००४ मध्ये ‘कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर’ ही संस्था स्थापन झाली. ‘कोनबॅक’ या संक्षिप्त नावाने ती सर्वपरिचित आहे. शेतकऱ्यांकडून बांबू घेणे, त्यावर प्रक्रिया करणे, स्थानिक तरुण-तरुणींना कारागिरीचे शिक्षण देणे आणि बांबूची घरे, पर्यटकांसाठी कुटिरे व फर्निचर तयार करणे, अशा कामांची साखळी या संस्थेने बांधली.

सूप, रोवळी, डालगे, इरले या वस्तूंसाठी बांबूचा वापर या भागात पूर्वापार होता. परंतु इरले विणणे आणि इमारत उभारणे यांत फरक आहे. इरले फाटले तर दुसरे घेता येते. इमारत ढासळली तर माणसे दगावतात आणि त्या धंद्यावरचा विश्वासही जातो. म्हणून हस्तकलेकडून बांधकामाकडे जाताना मोजपट्टी, नकाशा, चाचणी आणि लेखी जबाबदारी या चार गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. कोणत्याही बांबू बांधकाम उद्योगाची खरी कमाई हे शिक्षण असते.

बाजारपेठ कशी वाढते

लहान उद्योगाकडे भांडवल थोडे असते आणि जाहिरातीला पैसा नसतो. तरीही तो बाजारपेठ वाढवू शकतो. त्याच्या पायऱ्या क्रमाने पाहाव्यात.

पहिली पायरी खात्रीच्या मालाची. एका लहान सभागृहासाठी सारख्या जाडीच्या, सरळ आणि पक्व अशा काही शे काठ्या लागतात. शेतकरी मात्र बेटातून हाताला येईल ती काठी तोडतो. कोवळी काठी बाहेरून हिरवीगार दिसते, पण वाळल्यावर आक्रसते आणि किडीला लवकर बळी पडते. उद्योजकाने बेटावर जाऊन दर हंगामात नव्या काठ्यांवर रंगाने वर्षाची खूण करण्यास शिकविले आणि चार वर्षांच्या काठीला अधिक भाव दिला, तर बेटाची निगा आपोआप सुधारते. अशा रीतीने बाजारपेठेचा आरंभ ग्राहकाच्या दारात होण्यापूर्वी शेतकऱ्याच्या बांधावर होतो.

दुसरी पायरी समाईक यंत्रणेची. दाबाने द्रावण भरणारी टाकी, सावलीत वाळवण्याचे आवार, काठ्या प्रतवार लावण्याची जागा हा खर्च एकट्या कारागिराला पेलत नाही. दहा-वीस कारागिरांनी एकच प्रक्रिया केंद्र वापरले, तर प्रत्येकाच्या मालाचा दर्जा सारखा राहतो. ग्राहकालाही कोणत्या कारागिराकडे जावे, या चिंतेचे कारण उरत नाही.

तिसरी पायरी कार्यशाळेतील जुळणीची. कोकणात जून ते सप्टेंबर उघड्यावर बांधकाम करणे कठीण. परंतु भिंतींचे सांगाडे, छपराच्या कैच्या, जिन्याचे भाग कार्यशाळेत बनवून क्रमांक घालून ठेवता येतात. पाऊस उघडला की ते ट्रकने नेऊन जागेवर थोड्या दिवसांत जोडता येतात. कारागिराला बारमाही काम मिळते. इमारत बांधून घेणाऱ्याचा वेळ वाचतो. ज्या शाळेला दिवाळीच्या सुटीत वर्गखोली उभी करावयाची आहे, तिला हा लाभ भावातील थोड्या सवलतीपेक्षा मोठा वाटेल.

चौथी पायरी डोळ्यांनी पाहून पटण्याची. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पर्यटन निवासाचा मालक वेगळेपणासाठी बांबूचे कुटीर बांधण्यास तयार होतो. तेथे उतरलेला पाहुणा एक रात्र त्या छपराखाली काढतो, पाऊस झेलणारी वळचण पाहतो, वरच्या मजल्यावर चालून पाहतो. शंभर पत्रकांनी जे होत नाही, ते एका रात्रीच्या मुक्कामाने होते. परंतु येथेच थांबले तर बांबू म्हणजे श्रीमंतांच्या हौसेची वस्तू, असा नवा गैरसमज रूढ होईल. म्हणून पर्यटन निवासानंतरचा ग्राहक शाळा, अंगणवाडी, वाचनालय वा ग्रामपंचायत हाच असला पाहिजे.

पाचवी पायरी चाचणीची आणि अभियंत्याच्या सहीची. २००० साली जर्मनीतील हॅनोव्हर येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी कोलंबियाचे वास्तुरचनाकार सिमोन वेलेझ यांनी बांबूचा भव्य मंडप आखला. जर्मन अधिकाऱ्यांची खात्री पटावी म्हणून तसाच पूर्ण आकाराचा मंडप आधी कोलंबियातील मानिझालेस येथे उभारून त्याच्यावर भार देऊन पाहण्यात आला. पोकळ बांबूच्या पेरात सिमेंटचा मसाला भरून त्यातून बोल्ट घालण्याची त्यांची पद्धत पुढे अनेक देशांत गेली. त्याच कोलंबियात २५ जानेवारी १९९९ रोजी मोठा भूकंप झाला. त्यानंतर २००२ मध्ये बांबू आणि गिलाव्याच्या घरांना तेथील भूकंपरोधक बांधकाम नियमांत स्थान मिळाले. परंपरेने चालत आलेले घर नियमात बसले आणि त्याला प्रतिष्ठा मिळाली.

महाराष्ट्रातही असे उदाहरण घडले आहे. वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये २०० मीटर लांबीचा बांबूचा संरक्षक कठडा बसविण्यात आला. त्याआधी इंदूरजवळील पीथमपूर येथे वाहनांच्या धडकेची आणि रुरकी येथील संस्थेत आगीची चाचणी झाली होती. वेगाने जाणाऱ्या वाहनाला अडविण्यास बांबू योग्य ठरतो, असे दाखले मिळाल्यावर त्याला ‘कच्चा’ म्हणणे अवघड होते.

सहावी पायरी देखभालीची. इमारत सुपूर्द केली की काम संपले, ही समजूत लहान उद्योगाला घातक आहे. पहिल्या पावसानंतर सांधे तपासणे, बोल्ट आवळणे, वळचणीखालच्या काठ्यांना पुन्हा लेप देणे, भुंगेऱ्याची भुकटी दिसली तर काठी बदलणे, याचे वेळापत्रक बांधणाऱ्याने ग्राहकाला लेखी द्यावे. एका उद्योगाचे छप्पर गळाले तर त्याच परिसरातील दहा उद्योगांचा धंदा बसतो. यासाठी सांध्यांचे नकाशे, प्रक्रियेच्या नोंदी आणि झालेल्या चुका लहान उद्योगांनी एकमेकांपासून लपवून ठेवू नयेत. पेठ लहान असताना शेजारचा उद्योग प्रतिस्पर्धी कमी आणि सोबती अधिक असतो.

कायदा आणि मानके

या वाटचालीला अनुकूल असे काही बदल गेल्या काही वर्षांत झाले आहेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. २०१७ च्या दुरुस्तीने तो वगळण्यात आला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर, स्वतःच्या जमिनीत वाढविलेला बांबू तोडणे व नेणे सुकर झाले. राष्ट्रीय बांबू अभियान २००६-०७ मध्ये सुरू झाले होते. २०१८-१९ मध्ये त्याची पुनर्रचना होऊन लागवडीबरोबरच प्रक्रिया आणि विक्री यांवर भर देण्यात आला. राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्र बांबू उद्योग धोरणास मान्यता दिली.

बांधकामाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहेत ती मानके. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत बांबूसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि २०१६ च्या आवृत्तीतही ते आहे. बांबूच्या बांधकाम आराखड्यासाठी भारतीय मानक १५९१२ हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे बांबूच्या इमारतीच्या हिशेबाला आधार कोणता, या प्रश्नाला अभियंता आता उत्तर देऊ शकतो.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आपल्या २२१५६ क्रमांकाच्या मानकाची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. गोल बांबूच्या काठ्यांची इमारत दोन मजल्यांपर्यंत आणि ७ मीटर उंचीपर्यंत असावी, ही मर्यादा त्यात आहे. मजली इमारतींचे स्वप्न पाहणाऱ्याला ती मर्यादा तोकडी वाटेल. परंतु कोकणातील गावाचा विचार केला तर तळमजला आणि त्यावर माडी एवढी उंची बहुतेक गरजांना पुरेशी आहे. शाळेची वरची खोली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयावरचे सभागृह, वाढत्या कुटुंबासाठी घरावर एक मजला, हीच येथील खरी मागणी आहे. खाली चिऱ्याचे भक्कम बांधकाम आणि वर बांबूची हलकी माडी हा जुन्या परंपरेला आणि नव्या मानकांना धरून चालणारा मार्ग आहे. वजन हलके असल्याने खालच्या भिंतींवरचा भार कमी होतो. जुन्या भिंती तो पेलतील किंवा नाही, हे मात्र अभियंत्यानेच तपासून ठरवावे.

हलकेपणाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यालगत गेले, तेव्हा अनेक घरांची छपरे उडाली. हलक्या छपराला वारा वर उचलतो. म्हणून छप्पर खांबाला, खांब जोत्याला आणि जोते पायाला लोखंडी पट्ट्यांनी बांधलेले असणे आवश्यक ठरते. बांबूची माडी चांगली की वाईट, हे काठीच्या जाडीइतकेच या बांधणीवर ठरते.

दोन मजल्यांच्या पलीकडे जावयाचे तर गोल काठी पुरेशी नाही. बांबूच्या पट्ट्या कापून, सारख्या करून, दाबाखाली चिकटवून तुळया बनवाव्या लागतील, किंवा लागवडीच्या लाकडाचे फलक वापरावे लागतील. त्याला अधिक भांडवल, मोठी यंत्रे आणि स्वतंत्र चाचण्या हव्यात. माडी विश्वासाने विकली गेली, तरच तिसऱ्या मजल्यासाठी पैसा गुंतविणारे पुढे येतील.

पंचायतीचा वाटा

येथे ग्रामपंचायत, शाळा आणि शासकीय कार्यालये यांची भूमिका निर्णायक ठरते. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीने वाचनालयासाठी बांबूची इमारत बांधावयाचे ठरविले. पहिला प्रश्न दराचा येतो. दरसूचीत जे काम नाही, त्याचे अंदाजपत्रक करणे अवघड असते आणि लेखापरीक्षणाच्या धास्तीने अधिकारी सिमेंटकडे वळतो. यात अधिकाऱ्याचा दोष नाही. लहान उद्योगांनी आपल्या कामाचे परिमाण, सामग्री आणि मजुरी यांची सविस्तर फोड तयार करून ती तांत्रिक मंजुरी देणाऱ्या अभियंत्यापुढे वेळीच ठेवली, तर हा अडथळा कमी होऊ शकतो.

निविदेत ‘बांबूचे बांधकाम’ एवढेच शब्द लिहून भागत नाही. काठीचे वय, प्रक्रियेची पद्धत, सांध्याचा प्रकार, छपराची वळचण, पायाशी जोत्याची उंची आणि किमान काही वर्षांची देखभाल या अटी त्यात स्पष्ट असाव्यात. तसे न केल्यास सर्वांत स्वस्त दराने प्रक्रिया न केलेला बांबू येईल, तीन वर्षांत इमारत पोखरली जाईल आणि त्या पंचक्रोशीत पुन्हा कोणी बांबूचे नाव काढणार नाही. वाईट रीतीने बांधलेली एक सार्वजनिक इमारत बाजारपेठेला दहा वर्षे मागे नेऊ शकते.

शिक्षकांनाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. विद्यार्थ्यांनी गावातील बेटांची मोजणी करावी, प्रत्येक बेटातील काठ्यांचे वय नोंदवावे, प्रक्रिया केलेली आणि न केलेली काठी शाळेच्या आवारात शेजारी शेजारी रोवून दर सहा महिन्यांनी दोहोंची स्थिती लिहून ठेवावी. तीन वर्षांनी जो निष्कर्ष निघेल, तो गावातील प्रत्येक पालक स्वतःच्या डोळ्यांनी पाहील. कुडाळ तालुक्यात मुळदे येथे उद्यानविद्या महाविद्यालय आहे आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे शिक्षण मिळते. लागवडीविषयी मार्गदर्शन हवे असल्यास गावांनी या संस्थांचा उपयोग करून घ्यावा.

ऑस्ट्रियातील गिरण्यांपाशी भाव नसलेली कडेची फळी होती. कुडाळच्या शेतकऱ्यापाशी टेकूच्या किमतीला जाणारा माणगा आहे. त्या फळीचा फलक झाला तो लहान गिरण्यांची मेहनत, विद्यापीठाची मोजमापे आणि नियमांची मान्यता एकत्र आल्यामुळे. सिंधुदुर्गात कच्चा माल आहे, कारागीर आहेत, मानकेही उपलब्ध आहेत. पुढील पाऊल ग्राहकाने टाकावयाचे आहे आणि गावातील पहिला ग्राहक होण्याचा मान ग्रामपंचायत घेऊ शकते. एखाद्या गावात चिऱ्याच्या जोत्यावर बांबूची माडी उभी राहील, ती पाच पावसाळे सुखरूप काढील आणि त्या माडीत भरलेल्या ग्रामसभेत कोणी तिला ‘कच्ची’ म्हणणार नाही, त्या दिवशी या बाजारपेठेचा पाया पक्का झाला असे समजण्यास हरकत नाही.